सतरा नंबरच्या फॉर्मआधीची तीन वर्षं

दहावीच्या पहिल्या सहामाहीपर्यंत माझं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. आता ते बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयच्या, इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पटावर आहे. मधली तीनेक वर्षं, बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरेपर्यंत, ते कुठेच नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, कुठल्या मस्टरवर नाही. त्या काळाबद्दल लिहावंसं वाटतं, कारण माझ्यासारखी कुणी भेटली की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "शाळा का सोडलीस गं?" जणू एक दिवस बसून विचार केला आणि सोडून दिली. माझ्या ओळखीतल्या एकाही मुलीने असं ठरवून शाळा सोडलेली नाही. आज गाडी नाही, उद्या घरी कुणी नाही, परवा फॉर्मची तारीख गेली, असं होत होत शाळा आमच्या हातून सुटली.

आमची वाडी बालाघाटाच्या डोंगरात आहे. फाट्यापर्यंत डांबरी, पुढे मुरमाचा रस्ता. चौथीपर्यंत शाळा वाडीत, सातवीपर्यंत शेजारच्या गावात आणि हायस्कूल सात किलोमीटरवर. घरची अडीच एकर कोरडवाहू जमीन. आई आणि अण्णा दरवर्षी ऊसतोडीला जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. पावसाळ्यात टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात माघारी यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकदा उचल घेतली की घरी कुणी आजारी आहे, मुलीची दहावी आहे, यातलं काही चालत नाही.

मी लहान होते तेव्हा गावात हंगामी वसतिगृह असायचं. आईबाप तोडीला गेले तरी पोरांना तिथं दोन वेळचं जेवण मिळायचं आणि शाळा चालू राहायची. पण ते आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. शिक्षणहक्काचा कायदाही सहा ते चौदा वर्षांपर्यंतच आहे. २०१५ च्या ४ जुलैला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा गुरुजी दारोदार फिरत होते आणि मोजलेल्या पोरांच्या बोटाला शाई लावत होते. मी तेव्हा नऊ वर्षांची, शाई लावून घ्यायची मोठी हौस. पुढे सोळाव्या वर्षी खरोखरच शाळेबाहेर पडले, तेव्हा आमच्या दारात मोजायला कुणी आलं नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा मी आठवीत होते. नववी फोनवर झाली असं म्हणायचं. घरात फोन एकच, तो अण्णांकडे, आणि अण्णा फडात, तोडीच्या उसात. शेजारच्या दादाच्या फोनवर कधीमधी गृहपाठाचे फोटो यायचे, ते मी वहीत उतरवून घ्यायचे. समजायचं काही नाही. वर्षाच्या शेवटी नववीच्या सगळ्यांनाच वर ढकललं. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. गावात पेढे वाटले गेले. आम्ही नववीतून दहावीत गेलेल्या पोरी बहुपदी म्हणजे काय हेही न कळता दहावीच्या बाकावर बसलो.

४ ऑक्टोबर २०२१ ला गावाकडच्या शाळा उघडल्या. मुलींना एसटीचा पास फुकट आणि आमच्या फाट्यावर मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी गाडी यायची, त्यामुळे जाण्या-येण्याची चिंता नव्हती. तीन-चार आठवडे मी रोज गेले. मग ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला. दिवाळीची सुट्टी संपली तरी गाडी आली नाही. एसटीच्या कामगारांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या घरचे हालही आम्ही ऐकत होतो. पण आमच्या फाट्यावर दुसरी गाडी नव्हती. काळीपिवळी जीप जायला वीस आणि यायला वीस रुपये घ्यायची. आई-अण्णा निघून गेलेले, घरखर्चाला ठेवलेले पैसे मोजके. रोजचे चाळीस म्हणजे महिन्याचे हजार. आज्जीला विचारायचीही लाज वाटायची.

आम्ही तिघी मिळून काही दिवस चालत गेलो. सात किलोमीटर जायचं, सात यायचं, मधे घाटाचा निर्मनुष्य तुकडा. मोटरसायकलवरची पोरं मुद्दाम वेग कमी करायची. एकीच्या घरच्यांना हे कळलं आणि तिचं जाणं थांबलं. दुसरी मामाकडे गेली. मी एकटी उरले आणि एकटीनं त्या रस्त्यानं जायला आज्जी नाही म्हणाली. त्यातच डिसेंबरात आज्जी अंगणात पडली, खुब्याला मार बसला. तिला उठवणं, बसवणं, परसाकडे नेणं, धाकट्या भावाला जेवू घालून शाळेत पाठवणं, हे सगळं माझ्यावर आलं. वर्गशिक्षकांनी अण्णांना फोन केला होता. अण्णा फडात उभे राहून म्हणाले, "येईल सर, गाडी सुरू झाली की येईल."

पण परीक्षेचा फॉर्म गाडीसाठी थांबत नाही. तो नोव्हेंबर-डिसेंबरात भरला गेला आणि माझा राहिला. परीक्षा १५ मार्च ते ४ एप्रिल २०२२ अशी झाली. एसटीचे कामगार कामावर परतायची मुदत होती २२ एप्रिल. म्हणजे फाट्यावर पहिली गाडी आली तेव्हा माझ्या वर्गाचा शेवटचा पेपर होऊन गेला होता.

त्या वर्षी दहावीचा निकाल ९६.९४ टक्के लागला. हा आकडा मला अजून टोचतो. तो परीक्षेला बसलेल्यांमधून काढलेला असतो. ज्यांनी फॉर्मच भरला नाही त्या आम्ही नापासातही नाही आणि पासातही नाही. शाळेच्या फलकावर उत्तम निकाल झळकतो आणि त्यात आमची वजाबाकी दिसत नाही.

पुढच्या जूनमध्ये परत शाळेत का गेली नाहीस, असं कुणीही विचारेल. जायचं होतं. पण त्या वर्षी आज्जीच्या दवाखान्यासाठी अण्णांनी जास्तीची उचल घेतली, आज्जीला आत्याकडे ठेवलं आणि आम्हाला दोघांनाही बरोबर नेलं. एक हंगाम मी कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत, काढला. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, आई-अण्णा गेले की भावाला सांभाळायचं, दुपारी फडात जाऊन वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून पेंढ्या बांधायच्या, मोळ्या गाडीपर्यंत वाहायला हात लावायचा. उसाच्या वाळल्या पाचटाने हात-मान चिरून निघते, घाम लागला की झोंबतं. संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या गावातले गवळी विकत घ्यायचे, ते पैसे किराण्याला जायचे. मी काम करत नव्हते असं कोण म्हणेल? पण हिशेब कोयत्याचा, आणि कोयता आई-अण्णांचा. माझ्या नावानं काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी मी आज्जीजवळ वाडीतच राहिले. हा काळ मला सगळ्यात जड गेला. फडात निदान दिवस कामात जायचा. वाडीत पहाटेचं पाणी, भाकरी, आज्जीची अंघोळ, शेळ्या, सरपण, पुन्हा स्वयंपाक. दुपारी तीन-चार तास असे यायचे की ज्यांचं काय करायचं तेच कळत नसे. वर्गातल्या मुली कॉलेजच्या ड्रेसमध्ये फाट्यावर उभ्या राहायच्या. त्यांना तोंड द्यायला नको म्हणून मी शेळ्या दुसऱ्या अंगाने न्यायला लागले. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी स्वतःच बाहेर पडले, कारण तिथं सगळं बारावीचं आणि सीईटीचं चाललेलं असायचं. "आळशी झाल्यात पोरी, मोबाइल बघत बसतात," असं बायका म्हणायच्या. मोबाइल बघत होते, हे खरं. दुसरं बघायला काय होतं?

स्थळं यायला लागली होती. आमच्याकडे लग्न लवकर होतं त्याला अनेक कारणं आहेत. आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती त्यात आहे, आणि कोयत्याला जोडी लागते हेही आहे. एकट्या माणसाला मुकादम अर्धीच उचल देतो. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण लॉकडाऊनमध्येच, नववी संपताच लग्न होऊन गेली. पन्नास माणसांत, मांडव न घालता, स्वस्तात झालं म्हणून सगळे खूश होते. ती सोळा वर्षांची होती.

माझ्या चुलतभावाचंही सांगायला हवं, नाहीतर हे फक्त मुलींचं आहे असं वाटेल. तो बीए झालाय. पहाटे उठून डांबरीवर सोळाशे मीटर पळतो, गोळा फेकतो, दुपारी गावातल्या अभ्यासिकेत बसतो. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर गेले. मैदानी चाचणी तो काढतो, लेखीत एक-दोन मार्कांनी राहतो. तो पंचवीसचा होत आला. त्याच्या ताटात काकू दूध-अंडी वाढते, गावात त्याला विचारलं तर "भरतीची तयारी चाललीय" असं मानाने सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे, कारण तो जीव तोडून कष्ट करतो. पण आतून तोही माझ्याइतकाच घाबरलेला आहे. वयाची अट संपली की पुढे काय, हे तो माझ्याशिवाय कुणाशी बोलत नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून हेच बोलायचो. फरक इतकाच की त्याला वाट पाहायला वेळ दिला जात होता आणि माझा वेळ स्थळं ठरवणार होती.

मी वाडीत राहिले त्याच हिवाळ्यात एक सरकारी सर्वेक्षणवाले भाऊ टॅबलेट घेऊन वाडीत आले. आमचं घर त्यांच्या यादीत निघालं होतं. घरात कोण कोण, वय काय, शिकलंय किती, काय करतं, असं एकेक विचारत होते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आज्जीला विचारलं, "ही नात काय करते?"

"काय करायलीय? घरीच हाय बसून," आज्जी म्हणाली. ती बोलत होती तेव्हा मी तिच्याच पायाला तेल चोळत होते.

ते भाऊ चांगले होते. तेवढ्यावर थांबले नाहीत. दावणीकडे बघून म्हणाले, "शेळ्या कोण सांभाळतं? विकता का?" शेळ्या मीच चारते, आणि दरवर्षी दोन-तीन बोकड बाजारात जातात असं मी सांगितलं. मग त्यांनी मला समजावलं की प्रत्येक माणसासाठी एक आकडा असतो. नुसतं घरकाम करणाऱ्याला ९२. घरकामाबरोबर सरपण-चारा गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणटिपण करणं असेल तर ९३. घरच्या धंद्यात पगाराशिवाय हात लावणाऱ्याला २१, आणि २१ वाल्याला कामकरी धरतात. शाळा-कॉलेजात जाणाऱ्यांचा ९१. "तुझं मी २१ टाकतो," ते म्हणाले. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण आपण दिवसभर करतो त्याला काम म्हणणारा तो पहिला माणूस होता, म्हणून लक्षात राहिला.

आयटीआयला आल्यावर एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या तासाला हे पुन्हा समोर आलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्युमन डेव्हलपमेंट यांचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यातला २०२२ चा आकडा मॅडमनी फळ्यावर लिहिला. शिक्षण, काम किंवा प्रशिक्षण यातल्या कशातच नसलेल्या १५ ते २९ वयाच्या मुली ४८.४ टक्के, आणि मुलगे ९.८ टक्के. वर्ग गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मुली घरी असतात म्हणून." मी हात वर करून सांगितलं की घरी असलेल्या मुली काय काय करतात, पहाटे तीनपासून. आणि हेही सांगितलं की त्या ४८ टक्क्यांतल्या कितीजणींना दावणीच्या शेळ्यांबद्दल कुणी विचारलं होतं, ते कळायला पाहिजे.

आता फॉर्मचं. आमच्या बचत गटाचं काम बघणाऱ्या, सरकारच्या उमेद अभियानातल्या सीआरपी ताई एकदा हप्ता घ्यायला आल्या होत्या. मी वहीत आईच्या गटाची बेरीज करून दिली, तर म्हणाल्या, "बेरीज-वजाबाकी तर एकदम नीट करतीस, मग दहावी का नाही केलीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सतरा नंबर भर की." तोपर्यंत मला वाटायचं की एकदा वर्ग सुटला की दहावी सुटली. शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं, त्याचा हा फॉर्म आहे, हे हायस्कूलमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त नापास झालेली पोरं पुन्हा बसतात एवढंच माहीत होतं.

पहिली अडचण दाखल्याची. फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि माझा शाळेतच होता. मी गेले तर कार्यालयात सांगितलं, पालकांना घेऊन ये. पालक कर्नाटकात. एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. हे मला कधीच पटणार नाही. ज्या घरांत पालक सहा महिने नसतातच, त्या घरच्या मुलीला दाखल्यासाठी पालक आण म्हणायचं, म्हणजे हंगाम संपेपर्यंत थांब म्हणायचं. अण्णा आल्यावर गेलो. बाबूंनी जनरल रजिस्टर काढलं, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि दाखला लिहून दिला. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर. अण्णांना वाचता येत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गाडी नव्हती म्हणून नाही लिहीत व्हय?"

दुसरी अडचण जन्मतारखेची. दाखल्यावर १ जून, कारण पहिलीत घालताना आमच्याकडे निम्म्या पोरांची तारीख गुरुजी तीच टाकायचे. आधारवर १ जानेवारी, कारण कार्ड काढताना आईने फक्त साल सांगितलं होतं. आधारला जोडलेला अण्णांचा जुना नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. आधी आधार केंद्रावर जाऊन तारीख आणि नंबर दुरुस्त करायचा, मग बाकीचं. तालुक्याच्या गावी आधार केंद्राला सकाळी आठला रांग लागते. कधी सर्व्हर नसतो, कधी लाइट नसते. दुरुस्ती होऊन यायला वेळ लागला आणि तोवर मला रोज धाकधूक, की पुन्हा तारीख जाणार.

फॉर्म ऑनलाइन भरायचा. तो मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात भरला. माध्यम, विषय, मग जिल्हा आणि तालुका निवडला की संपर्क केंद्राच्या, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचं काम बघणाऱ्या, शाळांची यादी येते, त्यातली एक घ्यायची. मी घराजवळची न घेता एसटी नीट जाते ती घेतली. फॉर्मची प्रिंट, फोटो आणि मूळ दाखला त्या शाळेत नेऊन दिला. दाखला देताना माझा हात सुटत नव्हता, इतक्या मुश्किलीने मिळालेला. झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवल्या.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण यात कितीतरी मुलं फसतात. सतरा नंबरचा फॉर्म ही फक्त नावनोंदणी आहे. ती झाली की नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं. परीक्षेचं आवेदनपत्र नंतर वेगळं भरावं लागतं, ते संपर्क केंद्राच्या शाळेतून. माझ्याबरोबर नाव नोंदवलेला एक मुलगा पुण्याला हॉटेलात कामाला गेला, त्याला वाटलं फॉर्म तर भरलाय, आता थेट परीक्षा. फेब्रुवारीत हॉल तिकीट मागायला आला तेव्हा कळलं. त्याचं वर्ष गेलं. शाळेत रोज जाणाऱ्या मुलाला अशा सूचना वर्गात मिळतात. बाहेरच्याला स्वतः जाऊन विचारावं लागतं, आणि बाहेरचा म्हणजे बहुतेक वेळा कामावर असलेला किंवा घरात अडकलेला.

अभ्यासाचं फार सांगण्यासारखं नाही. पुस्तकं ताईंच्या मुलीची. गणितासाठी मी सातवीपासून सुरुवात केली, कारण पाया तिथंच सुटला होता. अंतर्गत गुण संपर्क केंद्राच्या शाळेतच मिळवायचे असतात. तिथले विज्ञानाचे सर म्हणाले, नुसत्या वह्या देऊ नको, प्रयोगशाळेत येऊन बस. लिंबू कापून त्यात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसली आणि मीटरचा काटा हलला, तो मी पहिल्यांदा तिथं पाहिला. इलेक्ट्रिशियन व्हायचं तेव्हा ठरलं का, माहीत नाही, पण तो काटा मला आवडला होता.

खरं तर हे सगळं शक्य झालं ते वेगळ्याच कारणाने. त्या वर्षी भावाला तालुक्याच्या गावी, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. आज्जी काठी घेऊन चालायला लागली होती, आणि दुपारी तिच्याजवळ बसायला काकू तयार झाली. माझ्या डोक्यात किंवा मनात काही बदललं नव्हतं. मी आधीही तितकीच इच्छा धरून होते. माझ्या अंगावरचं काम दुसऱ्या कुणीतरी उचललं, म्हणून मला दुपारचे चार तास मिळाले. मुलींना शिक्षणाचं महत्त्व पटवून देणारी भाषणं मी खूप ऐकलीत. त्याऐवजी अशी दोन वसतिगृहं जास्त आणि वेळेवर येणारी एक गाडी मिळाली तर आमच्या वाडीतल्या पोरींना काहीही पटवून द्यावं लागणार नाही.

परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. निकाल १३ मे रोजी लागला. मला ५६ टक्के मिळाले, गणितात ४१. अण्णा फोनवर दोनदा म्हणाले, "पास ना? नक्की पास ना?"

मग आयटीआय. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, हे ताईंनीच सांगितलं. आईला वाटत होतं शिवणकाम घ्यावं, घरबसल्या होतं. अण्णा म्हणाले, "इलेक्ट्रिशियन घेऊन पोलावर चढायलीस का आता?" मी म्हणाले, चढेन. कारण शिवणकामाच्या मशिनी आमच्या वाडीत चार पडून आहेत, त्यावर कापडच येत नाही. पण वाडीतली मोटर जळली की तालुक्याहून माणूस येईपर्यंत दोन दिवस पाणी बंद असतं. गुणवत्ता यादीत माझं नाव दुसऱ्या फेरीत आलं.

आमच्या तुकडीत आम्ही चार मुली आहोत. पहिले काही आठवडे फायलिंगमध्ये, कानशीने लोखंड घासण्यात गेले, हातावर फोड. मग वायरचे जॉइंट. ब्रिटानिया जॉइंटमध्ये दोन जाड तारांची टोकं घासून एकमेकींवर ठेवायची आणि वरून बारीक तार एकाशेजारी एक वेढे देत घट्ट गुंडाळायची, मधे फट दिसता कामा नये. माझा पहिला जॉब निदेशकांनी हातात घेऊन ओढून पाहिला, सुटला. नंतरचा सुटला नाही. पेंढ्या बांधलेले हात आहेत, आवळायची सवय आहे.

शाळांकडून मला एकच हवं आहे. दिवाळीनंतर दहावीचा जो विद्यार्थी सलग येत नाही, त्याच्या घरी परीक्षेचा फॉर्म बंद व्हायच्या आत कुणीतरी जावं. शिपाई जावा, आशाताईला सांगावं, सरपंचाला सांगावं. फोनवर बाप "येईल" म्हणतो, कारण त्याला तसंच वाटत असतं. घरी येऊन पाहिलं असतं तर आज्जी खाटेवर दिसली असती. फॉर्म तरी भरून घेतला असता. परीक्षा आपापल्या शाळेतच होत्या त्या वर्षी, जीपने जाऊन पेपर दिले असते.

सध्या मी माझ्या त्याच मैत्रिणीच्या मागे लागले आहे, जिचं लॉकडाऊनमध्ये लग्न झालं. तिला आता एक मुलगा आहे. तिला दहावी करायची आहे, आणि नवऱ्याची ना नाही, हे मोठंच. पण तिच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव, आधारवर नवऱ्याचं. दोन नावं एकाच मुलीची आहेत हे दाखवायला लग्नाचं प्रमाणपत्र मागतात. सोळाव्या वर्षी झालेलं लग्न कोण नोंदवणार? ती कायद्याने आता सज्ञान आहे, पण ज्या कागदाने तिचं नाव जुळेल तो कागद तिला मिळत नाही. प्रतिज्ञापत्रावर भागतं का, ते विचारायला आम्ही दोघी संपर्क केंद्राच्या शाळेत जाणार आहोत, टोळी निघायच्या आत. तिचा मोठा प्रश्न मात्र पुढचा आहे. पेपर फेब्रुवारी-मार्चात, आणि तेव्हा ती फडात असणार. तिच्या जागी ते तीन आठवडे कोयता कोण धरेल, यावर नवऱ्याचं मुकादमाशी बोलणं चालू आहे.